प्रत्येक फोड म्हणजे नागीण नव्हे!

बाजरी फुलोऱ्यात आली की आमच्या भागातल्या दवाखान्यांत फोडांचे पेशंट वाढतात. मान, दंड, मांडी, पोटरी. रात्री झोपताना काही नव्हतं आणि सकाळी उठून पाहिलं तर पाण्याने टम्म भरलेला फोड. कधी एक, कधी चार-पाच एका ओळीत. पेशंट आत येतो तोच निदान घेऊन येतो, "डॉक्टर, नागीण झालीय." शेजारणीने सांगितलेलं असतं, मेडिकलवाल्याने सांगितलेलं असतं. आणि बऱ्याचदा आम्ही डॉक्टरही मान डोलावतो.

आजचा लेख या मान डोलावण्याबद्दल आहे. माझं स्पष्ट मत असं आहे की राजुरी, बेल्हे, आणे पठार या जुन्नरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या फोडांचं निदान शेताचा विचार केल्याशिवाय करूच नये. हे मत पुस्तक वाचून झालेलं नाही. ते माझ्या एका चुकीतून झालं आहे, म्हणून आधी ती चूक सांगतो.

आजींचं बारसं हुकलं

काही वर्षांपूर्वी आणे पठाराकडच्या एक आजी आल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. मानेच्या उजव्या बाजूला आणि त्याच बाजूच्या खांद्यावर मिळून पाच फोड. फोड एकाच बाजूला, वय जास्त, आणि सोबत आलेल्या मुलाने आधीच सांगितलेलं, "नागीण आहे." मी दोन मिनिटं पाहिलं आणि होकार दिला. असायक्लोव्हिर लिहून दिलं, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. वर एक सूचनाही दिली: घरात कोणी गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांच्यापासून लांब राहा.

नागीण असती तर ही सूचना बरोबर होती. नागिणीच्या फोडातल्या पाण्यात कांजण्यांचाच विषाणू असतो आणि ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत त्यांना त्यातून कांजण्या होऊ शकतात. पण आजींच्या घरी सून नुकतीच बाळंत झाली होती. आजी आठ दिवस ओट्यावर झोपल्या. नातवाला हात लावला नाही. बारशाच्या दिवशी घरात पाळणा म्हटला जात होता आणि आजी बाहेर बसून ऐकत होत्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा मुलगा तसेच फोड घेऊन आला. त्याच्याबरोबर त्यांच्याच रानात कामाला असलेली एक बाई होती, तिच्या दोन्ही मांड्यांवर फोड. एकाच रानातल्या तिघांना आठवड्याभरात नागीण कशी होईल? मी गोंधळलो. त्या मावशींनी पदराची गाठ सोडली, आतून काड्यापेटी काढली आणि टेबलावर ठेवली. आत एक मेलेला भुंगेरा होता. काळा, पाठीवर नारिंगी पट्टे.

"ह्यो चिरडला का फोड येतो डॉक्टर. बाजरीत लई झालेत अवंदा. आमच्या आईला बी ठावं व्हतं."

त्यांच्या आईला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. आजींना नागीण नव्हतीच. त्या दिवसभर बाजरीची राखण करत होत्या, मानेवर काहीतरी चालतंय म्हणून त्यांनी हाताने रगडलं होतं. मी एकच प्रश्न विचारला असता, "काल दिवसभर कुठे होतात?", तर आजींना नातवाचा पाळणा हलवता आला असता.

हा कीटक आहे तरी कोण?

शेतकऱ्यांना हा कीटक नवा नाही. कुठे याला हिंगे म्हणतात, कुठे सोसे, कुठे नुसतंच भुंगेरे. इंग्रजीत ब्लिस्टर बीटल, म्हणजे फोड आणणारा भुंगेरा. मेलॉइडी या कुळात जगभर अडीच हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या पुष्कळ जाती कोरड्या, उष्ण प्रदेशात राहतात. आपल्याकडे शेतात सर्रास दिसतो तो मायलॅब्रिस पुस्टुलाटा. लांबी साधारण दोन ते तीन सेंटीमीटर, रंग काळा, पंखांवर नारिंगी किंवा लालसर आडवे पट्टे. तो लपून बसत नाही. बाजरीच्या कणसावर, भेंडीच्या, तुरीच्या, चवळीच्या, काकडीच्या फुलांवर भर दिवसा आरामात बसून पराग आणि पाकळ्या खात असतो. हळू चालतो, हळू उडतो. पकडायला गेलात तरी फारशी घाई करत नाही.

घाई नसण्याचं कारण त्याच्या रक्तात आहे. त्यात कँथरायडिन नावाचा पदार्थ असतो. भुंगेऱ्याला दाबलं की पायांच्या सांध्यांमधून तो पिवळसर थेंब सोडतो. तो थेंब कातडीला लागला की फोड येतो. म्हणजे हा कीटक चावत नाही, डंखही मारत नाही. आपण त्याला दाबतो, तेव्हाच तो आपल्याला इजा करतो. ते नारिंगी पट्टे पक्ष्यांना दिलेली सूचना आहे: मला खाऊ नका.

कँथरायडिन प्रौढांमध्ये नर तयार करतो. मिलनाच्या वेळी तो ते मादीला देतो आणि मादी त्याचं कवच आपल्या अंड्यांना देते. जमिनीत घातलेली अंडी मुंग्या आणि इतर किडे खात नाहीत, ते यामुळेच. अंड्यातून निघालेली अळी मात्र शेतकऱ्याच्या बाजूची असते. ती जमिनीतली नाकतोड्यांची अंडी शोधून खाते. म्हणजे बालपणी मित्र आणि मोठेपणी शत्रू असा हा प्राणी आहे. दिसला की फवारा, असं करण्याआधी हे लक्षात असू द्या.

आपल्याच भागात का?

जुन्नर तालुका एकसारखा नाही. पश्चिमेला माळशेजच्या बाजूला पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे, आळेफाट्यावरून राजुरी, बेल्हे करत आण्याकडे निघालात की पाऊस कमी कमी होत जातो. कुकडीच्या कालव्यांचं पाणी जिथे पोहोचलं तिथे ऊस, कांदा, टोमॅटो आला. जिथे पोहोचलं नाही तिथे आजही बाजरी, हुलगा, मटकी, तूर. मोकळी, कोरडी, नाकतोड्यांची जमीन आणि पावसाळ्याच्या शेवटी एकदम फुलणारी पिकं. हिंग्यांना दोन्ही लागतं. अळीला नाकतोड्याची अंडी, प्रौढाला फुलं. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. याच दिवसांत माणसं बाजरीत राखणीला, भेंडी तोडायला, चवळी-मुगाच्या शेंगा काढायला सगळ्यात जास्त वेळ रानात असतात.

फोड कसा येतो?

आपल्या कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. विटांच्या भिंतीत सिमेंट असतं तसं समजा. कँथरायडिन कातडीत शिरलं की पेशींमध्ये अशी विकरं जागी होतात जी हे सिमेंट तोडतात. पेशी सुट्या होतात आणि मधल्या जागेत पाणी भरतं. याला वेळ लागतो. कीटक दुपारी चिरडला तर फोड संध्याकाळी, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. म्हणूनच पेशंटला दोन्हींचा संबंध लागत नाही.

फोड कातडीच्या वरच्याच थरात असल्यामुळे तो सहसा व्रण न ठेवता बरा होतो. आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत. काळसर डाग राहतो, तो पुढच्या काही महिन्यांत फिका होतो. फोडात जंतुसंसर्ग झाला किंवा कोणी सुईने फोडून त्यात हळद, राख, चुना भरला तर मात्र हे गणित बिघडतं.

नागीण की हिंगे? फरक ओळखा

नागीण: आधी दुखतं, मग दिसतं. फोड येण्याच्या दोन-चार दिवस आधीपासून त्या जागी जळजळ, ठणका, मुंग्या येतात. मग लाल कातडीवर बारीक फोडांचे घोस उठतात. ते एका नसेच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला असतात आणि सहसा मधली रेषा ओलांडत नाहीत. कपड्यांनी झाकलेल्या छाती-पाठीवरही होतात. बरं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात.

हिंग्यांचा फोड: आधी दिसतो, मग थोडंफार दुखतं. आदल्या दिवशी त्या जागी काही नव्हतं. फोड मोठा, पातळ कातडीचा, स्वच्छ पाण्याचा, आजूबाजूला लाली कमी. बहुतेक उघड्या अंगावर: मान, हात, पाय. कीटक घसरत गेला असेल तर फोडांची ओळ. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत चिरडला असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जुळे फोड. असे जुळे फोड दिसले तर निदान जवळपास झालंच समजा. आणि घरातल्या किंवा त्याच रानातल्या आणखी कोणाला तरी तेच झालेलं असतं.

यात तिसराही एक भिडू आहे, पेडेरस. मुंगीसारखा दिसणारा, काळा-केशरी, सेंटीमीटरपेक्षा लहान किडा. तो ओलिताच्या, उसाच्या भागात जास्त आणि रात्री ट्यूबलाईटवर येतो. त्याचं विष वेगळं, त्याचं नाव पेडेरिन. त्यात आग आणि लाली जास्त असते, मधोमध बारीक पिवळट पुळ्या येतात आणि त्रास एक-दोन दिवसांनी सुरू होतो. कालव्याच्या पाण्याखालच्या गावांत हा आणि कोरड्या माळावर हिंगे, असं साधारण धरा. पण दोन्ही शेजारी शेजारी असू शकतात.

"पण डॉक्टर, गोळ्या दिल्या तर बिघडलं काय?"

हा प्रश्न मला एका तरुण डॉक्टर मित्राने विचारला होता. फोड आपोआप बरा होणारा आहे, मग संशयाला जागा नको म्हणून नागिणीच्या गोळ्या दिल्या तर नुकसान काय? प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तरही नीट देतो.

एक, पैसे. सात दिवसांच्या गोळ्या, दोन फेऱ्या, बुडालेली मजुरी. रोजाने जाणाऱ्या बाईसाठी ही रक्कम लहान नसते.

दोन, नागीण या शब्दाचं ओझं. आपल्याकडे अजूनही समज आहे की नागिणीने विळखा पूर्ण केला की माणूस जातो. हे खरं नाही, पण भीती खरी असते. माणसं मंत्राने उतरवून घ्यायला जातात, फोडांवर गेरू आणि काय काय लावून घेतात, घरात वेगळी बसतात. आजी आठ दिवस ओट्यावर होत्या त्या माझ्या एका शब्दामुळे.

तीन, संशय. मांडीवर अचानक आलेला मोठा फोड भाजल्यासारखा दिसतो. लहान मुलाच्या अंगावर तो दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, "चटका कोणी दिला?" आणि उत्तर शोधताना बोट बहुतेक वेळा सुनेकडे जातं. मुलं रंगीत किडा दिसला की हातात घेतात, खिशात टाकतात. डॉक्टरने त्या वेळी बरोबर कारण सांगितलं तर एका घरातलं भांडण थांबतं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: चुकीच्या निदानाने पुढचा फोड थांबत नाही. गोळ्या घेऊन आजी पुन्हा त्याच रानात राखणीला गेल्या असत्या, पुन्हा मानेवर काही चाललं असतं, पुन्हा रगडलं असतं. खरं कारण सांगणं हाच इथे अर्धा उपचार आहे.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख वाचून कोणी उलटी चूक करेल. खरी नागीण असेल तर औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं चांगलं. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर एक दिवसही थांबू नये, कारण दृष्टीला धोका असतो. मधुमेह, कॅन्सरचे उपचार, एचआयव्ही अशा पेशंटमध्ये तर अजिबात नाही. शिवाय फोड वारंवार येत असतील, तोंडातही येत असतील, तर पेम्फिगससारखे आजार असू शकतात, तिथे त्वचारोगतज्ज्ञच हवेत. म्हणजे "हिंगेच असतील" म्हणून घरी बसू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की यादीत हिंग्यांचं नाव असायला हवं.

फोड आला तर काय करायचं?

अंगावर भुंगेरा दिसला तर मारू नका, रगडू नका. फुंकर मारा किंवा पानाने, काडीने ढकला.

चुकून चिरडला तर लगेच ती जागा साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. कँथरायडिन नुसत्या पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून साबण हवाच. रानात जाताना साबणाची वडी सोबत असू द्या. हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, लघवीला जाऊ नका.

तेल लावू नका. खोबरेल, एरंडेल, कुठलंच नाही. हे विष तेलात विरघळतं आणि चोळल्यावर आणखी पसरतं. आपल्या घरांत पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

फोड फोडू नका. वरची कातडी हीच त्याची पट्टी आहे. स्वच्छ, कोरड्या कापडाने झाका. फोड फारच मोठा असेल, घासला जात असेल, तर डॉक्टर निर्जंतुक सुईने पाणी काढून मलमपट्टी करतील. पू, ताप, वाढती लाली, ठणका ही लक्षणं दिसली तर प्रतिजैविकांची गरज लागू शकते. एरवी नाही.

डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमधून थेंब आणून घालू नका.

हा फोड एकाचा दुसऱ्याला होत नाही. बाळाला घ्या, जेवायला एकत्र बसा.

पोटात गेला तर मात्र जीवावरचा प्रसंग

इथवर वाचून हिंगे म्हणजे किरकोळ त्रास असं वाटेल. कातडीपुरतं ते खरं आहे. पण हाच पदार्थ पोटात गेला तर परिस्थिती पूर्ण बदलते.

युरोपात याच कुळातला एक हिरवा भुंगेरा 'स्पॅनिश फ्लाय' या नावाने शतकानुशतकं कामोत्तेजक म्हणून विकला गेला. खरी गोष्ट अशी आहे की कँथरायडिन मूत्रपिंडांतून बाहेर पडताना मूत्रमार्गाला जाळत जातं. त्या दाहामुळे लिंगाला वेदनादायक ताठरता येते. ते इच्छेचं नव्हे, विषबाधेचं लक्षण आहे. १७७२ साली फ्रान्समध्ये मार्क्विस द साद याने बडीशेपेच्या गोळ्यांत हे मिसळून काही स्त्रियांना दिलं, त्या गंभीर आजारी पडल्या. १९५४ साली लंडनमध्ये एका कचेरीतल्या माणसाने नारळाच्या मिठाईत कँथरायडिन घालून सहकारी स्त्रियांना दिलं. दोघी मरण पावल्या.

मात्रा किती? १० मिलिग्रॅमसारख्या मात्रेनेही मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. तांदळाच्या एका दाण्याचं वजन याच्या जवळपास दुप्पट असतं. तोंड आणि घसा भाजणं, रक्ताची उलटी, पोटात कळा, लघवीला भयंकर आग, लघवीतून रक्त, मग मूत्रपिंडं बंद पडणं, हा क्रम असतो. याच्यावर उतारा नाही. रुग्णालयात आधार देत राहायचं, एवढंच हातात असतं. म्हणून कोणी "जोम येण्यासाठी" भुंगेऱ्यांची पूड, गोळी, तेल देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. घेतलं गेलंच असेल तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, गाडी काढा आणि मोठं रुग्णालय गाठा. लाजेपोटी डॉक्टरपासून लपवू नका, ही लाज महागात पडते.

केस उगवण्यासाठी भुंगेरे तेलात कुटून टकलावर लावण्याचे घरगुती प्रयोगही मी ऐकले आहेत. टक्कल पडलेल्या जागी फोड येतात, केस नाही.

दूधधंदा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळलेल्या गवतात चिरडलेले ब्लिस्टर बीटल मिसळून घोडे दगावतात. वाळल्यावरही हे विष निकामी होत नाही. आपल्या राजुरी परिसरात दारोदार जनावरं आहेत आणि लसूणघासही. घास फुलावर येण्याआधी कापला तर भुंगेरे त्यावर सहसा कमी येतात. चाऱ्यात ते झुंडीने दिसले तर झटकून मगच कुट्टी करा.

विष आणि औषध

कँथरायडिन वेगळं काढलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर रोबिके यांनी, १८१० साली. दोनशेहून अधिक वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ०.७ टक्के कँथरायडिनचं द्रावण मोलस्कम या त्वचारोगासाठी मंजूर केलं. लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे बारीक दाणे येतात तो हा आजार. डॉक्टर स्वतः नेमक्या दाण्यावर थेंब लावतात, चोवीस तासांनी तो धुतात, बारीक फोड येतो आणि दाणा निघून जातो. पदार्थ तोच. फरक मात्रेचा, जागेचा आणि लावणाऱ्या हाताचा. म्हणून "औषध आहे ना, मग घरीच भुंगेरा लावू" असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

मला काय हवं आहे

कृषी खात्याच्या माहितीत हा कीटक आहे. बाजरीवर येतो, तुरीवर येतो, कणसात दाणे कमी भरतात, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्याच बाजरीत उभ्या असलेल्या बाईच्या मानेचं काय होतं, हे आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर कुठेच नसतं. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, गावोगाव कृषी सहाय्यक आहेत, आशाताई आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. सगळे एकाच तालुक्यात, एकाच माणसांसाठी काम करतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका कागदावर तीन चित्रं छापून लावायला काय हरकत आहे? हिंगे, पेडेरस, आणि खऱ्या नागिणीचा पट्टा. खाली चार ओळी: रगडू नका, साबणाने धुवा, तेल लावू नका, डोळ्याजवळ असेल तर लगेच या.

गावातल्या डॉक्टरने आपल्या रानातले प्राणी ओळखले पाहिजेत, हे काही मी पहिल्यांदा सांगत नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे पेशंट वर्षानुवर्षं स्वतः बसून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिनचा उपचार जगापुढे ठेवला. जिथे शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत होते तिथे हे प्रमाण एकावर आलं. हिंगे विंचवाइतके घातक नाहीत, तशी तुलना मी करत नाही. पण पद्धत तीच आहे. पेशंटला विचारायचं, पाहायचं, लिहून ठेवायचं.

आता माझ्या ओपीडीत फोडाच्या प्रत्येक पेशंटला तीन प्रश्न असतात. काल दिवसभर कुठे होतात? आधी दुखलं की आधी फोड दिसला? रानात आणखी कोणाला झालंय का? एक मिनिटही लागत नाही. माझ्या तरुण डॉक्टर मित्रांना विनंती, हे तीन प्रश्न विचारून पाहा. आणि वाचकहो, तुम्हाला विनंती, डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. कीटक सापडला तर हात न लावता बाटलीत घालून आणा किंवा मोबाईलवर फोटो काढा. त्या मावशींच्या काड्यापेटीने मला जे शिकवलं ते कुठल्या परिषदेत शिकायला मिळालं नव्हतं.

आजी पुन्हा भेटल्या तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्या हसल्या. "आता पोरगं पाठ सोडत न्हाई माझी," म्हणाल्या. पण बारसं एकदाच होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. यंदा बाजरी फुलोऱ्यात आली की आधी मान झाकून घ्या, बाह्या खाली सोडा आणि अंगावर काही चालल्यासारखं वाटलं तर रगडण्याआधी एकदा बघा.

(हा लेख माहितीसाठी आहे. फोड, विशेषतः डोळ्याजवळचे, तोंडातले किंवा तापासोबत आलेले, प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवूनच उपचार घ्यावेत.)